कमरेखालचं दुखणं

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण देवासमोरच बसून लिहितेय, तेव्हा खोटं कसं लिहू?

यांची तब्येत बरी नाही. ताप नाही, खोकला नाही, जेवण दोन्ही वेळचं आहे. सकाळी नऊला दुकान उघडतात, लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतात, संध्याकाळी सातला घरी. बाहेरच्याला कळणारही नाही. पण न्हाणीघरात शिरले की अर्धा अर्धा तास बाहेर येत नाहीत. खुर्चीवर बसतात ते असे जपून, की जणू तिथं कुणी अंडी मांडून ठेवलीत. आणि आतले कपडे स्वतः धुवायला लागलेत. एकोणतीस वर्षांत या माणसानं स्वतःचा रुमाल पिळलेला नाही हो! विचारलं तर म्हणतात, "उन्हाळी लागलीय." अहो, थंडीत कसली उन्हाळी?

दुखणं कमरेखालचं आहे एवढंच लिहिते. तुम्ही तीस वर्षं इस्पितळात नर्स होतात, तुम्हाला कळेल. फोनवर बोलता येत नाही. फोन यांच्या खिशात, आणि दोन खोल्यांत लेक अभ्यासाला बसलेली. पाकिटावर माझंच नाव घाला. टपाल दुपारी येतं, तेव्हा हे दुकानात असतात.

काही घरगुती औषध असेल तर आधी तेच सांगा. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की हे अंगावर येतात.

तुमची,
भावजय

११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. अगं, मूळव्याध! दुसरं काय असणार? दिवसभर स्टुलावर बसून काट्याच्या पोटात डोकं घालणारा माणूस, पाणी प्यायचं त्याला आठवत नाही. त्याला त्याच जागी बक्षीस मिळणार.

लहानपणापासून हा असाच. पायात काच गेली तर आठ दिवस लंगडला, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी मी त्याच्या छातीवर बसले आणि आईनं काच काढली. त्याला सांग, तुझ्या ताईनं आजवर अशा पाचशे ढुंगणांना मलम लावलंय, तुझं काही सोन्याचं नाही.

भरपूर पाणी, पालेभाजी, कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं. रक्त पडत असेल तर मात्र डॉक्टर. आणि लाजायचं काय त्यात? अर्ध्या जगाला असते, उरलेलं अर्धं सांगत नाही.

गुडघे आहेत तिथंच आहेत. आशीर्वाद.

ताई

१७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. मूळव्याध असती तर मी देवाला नारळ फोडला असता.

मागचं पत्र अर्धंच लिहिलं होतं, त्याची माफी मागते. मला माहीत नव्हतं असं नाही. नोव्हेंबरपासून माहीत आहे. एका दुपारी दार लोटलेलं होतं, मी टॉवेल द्यायला गेले आणि पाहिलं. आता लिहिते, तुम्ही डोळे मिटून वाचा. दुखणं मागचं नाही, पुढचं आहे. लघवीच्या जागेचं. टोक लालबुंद होतं, सुजतं, वरची कातडी मागे सरत नाही, सरकवली तर चिरा पडतात. खाज, आग, कधी पांढरं काहीतरी साठतं, वास येतो. लघवी करताना भिंतीला हात टेकतात. मी दाराबाहेर उभी राहून देवाचं नाव घेते.

औषधाच्या दुकानातल्या माणसाला मीच जाऊन "आमच्या लेकाला खाज येते" असं खोटं सांगून मलम आणलं. लावलं की आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. स्वच्छतेत मी काडीची कसर ठेवलेली नाही, त्याची तुम्ही काळजी करू नका.

आता खरी भीती लिहिते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हे परगावी होते, मोठ्या गोदामाचे काटे बसवायला. तीन महिने लॉजवर. दुखणं तिथंच सुरू झालं असं यांच्याच तोंडून एकदा निसटलं. वन्सं, मी काही विचारलेलं नाही. विचारायला तोंड उघडते आणि मीठ आणायला सांगते. घरात मीठच मीठ झालंय.

माणूस वाईट नाही. तुम्हीही ओळखता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. यांना पाप लागलं की मला, हेच कळेनासं झालंय. रोज दोन वेळा स्तोत्र म्हणते, आणि मधल्या वेळात नको नको ते दिसतं.

हे पत्र फाडून टाका.

तुमची,
भावजय

२४ फेब्रुवारी

वहिनी,

हसले ते मागे घेते.

पहिली गोष्ट, याला नाव आहे. लिंगाचं टोक आणि त्यावरची कातडी सुजते, त्याला डॉक्टर बॅलनायटिस म्हणतात. मी वॉर्डात शेकड्यानं पाहिलेत. मास्तर, ड्रायव्हर, पुजारी, एक न्यायाधीशसुद्धा होता, तो तोंडावर रुमाल टाकून पडून राहायचा. नाव असलेल्या गोष्टीला औषधही असतं, तेव्हा आधी पाणी पी.

दुसरी गोष्ट, कारणं पुष्कळ असतात. बुरशी वाढते, विशेषतः रक्तात साखर असेल तर. जंतू असतात. कातडी घट्ट असली की ओल आत राहते. काहींना त्वचेचाच आजार असतो. काहींना लावलेलं औषधच सोसत नाही. आणि हो, बाहेरून आणलेलंही असू शकतं, मी खोटं बोलणार नाही. पण ते दहांतलं एक. तू बाकीचे नऊ सोडून त्या एकालाच कवटाळून बसलीस. त्याचीही तपासणी असते, रक्ताची. ती करू दे, आणि तोवर मीठ आणायचं थांबव.

तिसरी गोष्ट, उपाशीपोटी साखर तपासून घ्या. याच आठवड्यात. मग चामडीच्या डॉक्टरला दाखवा. दुकानातून आणलेलं मलम बंद. जोर लावून कातडी मागे ओढायची नाही.

तू सगळं वहीत टिपून ठेवतेस, दुधापासून देवाच्या वातीपर्यंत. याचंही टिपलं असशीलच. कोणत्या दिवशी वाढलं, काय लावलं, कशानं धुतलं, सगळं जसंच्या तसं उतरवून मला पाठव. तीच वही डॉक्टरसमोर ठेव.

आणि वहिनी, पाच महिने फार झाले. "बघू", "पुढच्या महिन्यात" असं त्याला म्हणू देऊ नकोस. नाही आला तर मी येते, गुडघ्यांसकट. एक दिवसही घालवू नकोस.

ताई

८ मार्च

वन्सं,

तुमच्या पत्राचा शेवट वाचून माझी पाचावर धारण बसली. एवढी घाई तुम्ही कधी करत नाही. लेकीच्या वेळी माझ्या बाळंतपणातही तुम्ही निवांत चहा पीत होतात. काही लपवताय का?

साखर तपासली. नाही निघाली, उपाशीपोटीही नाही आणि जेवणानंतरही नाही. लोक साखर निघाली म्हणून रडतात, मी निघाली नाही म्हणून रडले. निघाली असती तर कारण तरी सापडलं असतं.

मग चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. आमचा नंबर सहावा. पाचवा माणूस बाहेर आला, पडदा सरकला, आणि आत खुर्चीत बाईमाणूस! आपल्या थोरल्या मुलाच्या वयाची. हे उठले ते थेट जिन्यावर. मी मागून हाका मारते, तर म्हणतात, "काट्याचा स्क्रू दुकानात राहिला." रस्त्याच्या कोपऱ्यावर गाठलं. तिथंच, फुलवाल्यासमोर, खालमानेनं मला म्हणाले, "तुला काय वाटतंय ते मला कळतं. लॉजवर मी रोज नऊला दिवा मालवायचो. दुसरं काही नाही. पण तू विचारलं नाहीस, त्यामुळे मला सांगताही येईना."

वन्सं, मी त्या फुलवाल्याकडून नको असताना फुलं घेतली.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. दुसरे डॉक्टर होते, पण हे म्हणाले, एकदा पळालोय तिथूनच सुरू करू. बाईंनी फार शांतपणे पाहिलं म्हणतात. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, त्या सगळ्या निर्मळ आल्या, त्या नको त्या आजाराचीसुद्धा. बुरशीचं मलम दिलंय, तेवढे दिवस आम्ही दोघांनी वेगळं झोपायचं. आणि बाई म्हणाल्या, एका बाजूला पांढरट, कडक कडा आहे, ती महिन्याभरात गेली नाही तर तुकडा काढून पाहावा लागेल. तुकडा या शब्दावर हे पांढरे पडले.

वहीतलं उतरवते:

१२ नोव्हेंबर. लाली. मलम सुरू.
२० नोव्हेंबर. बरं.
२२ नोव्हेंबर. साबणाची नवी वडी केली.
२५ नोव्हेंबर. पुन्हा लाल, आग. दिवसातून तीन वेळा धुणं सुरू.
८ डिसेंबर. बरं.
१५ डिसेंबर. वडी केली. कपड्यांच्या साबणाचे तुकडे जास्त होते, फेस छान.
१८ डिसेंबर. फार लाल, चिरा. पाच वेळा धुणं. पाण्यात जंतुनाशक दोन झाकणं.
४ जानेवारी. थोडं बरं.
१३ जानेवारी. वडी.
१५ जानेवारी. लघवीला रडले.

पुढंही असंच आहे. डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती, वही दाखवायची राहिली.

देव पाठीशी आहे ना हो?

भावजय

१४ मार्च

वहिनी,

वही दाखवायची राहिली! अगं, वहीतच तर आहे.

तुझी साबणाची वडी. मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा पाहिलीय. अंगाच्या साबणाचे, कपड्यांच्या साबणाचे, भांड्यांच्या साबणाचे उरलेले तुकडे डबीत साठवायचे, पातेलीत उकळायचे, साच्यात ओतायचे. मी तेव्हा एकदा तोंड धुतलं होतं त्यानं, गाल दोन दिवस तडतडत होते. भिडेपोटी बोलले नाही. आता बघ, तुझ्याच हातचं: वडी, आणि तीन दिवसांनी लाल. वडी, आणि दोन दिवसांनी रडले. कपड्यांचा मळ काढणारा खार तू त्या नाजूक जागी दिवसातून पाच वेळा लावतेस, वर जंतुनाशक. कढईचं बूडसुद्धा खरवडून निघेल. बुरशी मेली तरी कातडी बरी कशी होणार?

आजपासून साबण बंद. नुसतं कोमट पाणी, एकदा, फार तर दोनदा, आणि हळूच टिपून कोरडं. आतले कपडे आणखी दोन पाण्यांतून खळबळायचे. वही बाईंना दाखव.

तू हे वाचून रडशील. रड, पण दहाच मिनिटं. तू प्रेमानं केलंस.

आता तू विचारलंस ते. होय, लपवलं. पन्नासाहून जास्त वर्षं लपवलंय, तुझ्यापासूनच कशाला.

आमचे बाबा पोटाच्या दुखण्यानं गेले असं तू ऐकलंस. तुझा नवराही तेच ऐकत मोठा झाला, तो तेव्हा सहा वर्षांचा होता. मी सोळाची. बाबा पहाटे उठून स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. शाळेत मास्तर होते, उभ्यानं शिकवायचे, बसायचे नाहीत. न्हाणीघराच्या खिडकीत जुन्या मलमलीच्या पट्ट्या वाळत असायच्या. आईला वाटायचं गळू आहे. एकदा पट्टी पडली ती मी उचलली, आणि तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्यांची कातडी जन्मापासून घट्ट होती, आत सूज, मग जखम, मग गाठ. आधी किती वर्षं होतं कोण जाणे. त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर एवढीशी कातडी काढून मोकळे झालो असतो." कर्करोग होता. आईनं घरी येताना माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. मी नर्स झाले ती त्याच वर्षी ठरवून, पण शपथ काही मोडली नाही.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, स्वतःचे कपडे स्वतः धुतो. तिथंच मला कळायला हवं होतं. मी मूळव्याध म्हणून हसले. मला तेच हवं होतं बहुतेक.

बाबांचं झालं म्हणून त्याचं होईल असं नाही. शंभरांत नव्याण्णवांचं होत नाही. पण ती पांढरी कडा साबण थांबवूनही राहिली तर तुकडा काढायचाच. हे बाबांचं त्याला सांगू नकोस. घाबरून पुन्हा जिन्यावर पळेल. हे पत्र जाळ.

ताई

२६ मार्च

ताई,

मी लिहितोय. तू चाट पडली असशील. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

हिनं तुझं पत्र जाळलं नाही. स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलं. या घरात त्याहून सुरक्षित जागा नाही, कारण मी ते पुस्तक एकोणतीस वर्षांत उघडलेलं नाही. हिला वाटलं पुढचीही एकोणतीस उघडणार नाही.

साबण बंद करून आठ दिवस झाले होते. लाली पुष्कळ ओसरली, आग गेली, लघवीला सुख वाटायला लागलं. पण ती कडा तशीच. मीच आरशात रोज बघत होतो. मंगळवारी ही बाजारात गेली होती. मी घरात एकटा. मला एवढी भीती वाटली ताई, की मी देवापुढं जाऊन बसलो आणि कुठलं तरी स्तोत्र म्हणावं म्हणून पुस्तक उघडलं. त्यातून तू निघालीस.

वाचलं. दोनदा वाचलं. मग दुकानात गेलो आणि शटर आतून ओढून बसलो. माझ्याकडे प्रमाण वजनांची पेटी आहे, दुसऱ्यांची वजनं खरी की खोटी ते त्यावरून ठरतं. ती चिमट्यानं उचलायची, बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो. ती पुसत बसलो, एकेक करून. संध्याकाळपर्यंत तेच केलं. मला बाबांचे फक्त हात आठवतात, खडूनं पांढरे. मला वाटायचं ते मला कडेवर घेत नाहीत कारण मी नावडता. खरं म्हणजे त्यांना दुखत असणार. हे मला सहा वर्षांचा असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. तोही उतरेल.

ही शोधत दुकानावर आली. शटरवर थापा मारत म्हणाली, "आत आहात तर बोला, नाहीतर मी इथं फूटपाथवर स्तोत्र सुरू करते." मी उघडलं. अब्रू कुणाला नको असते?

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मीच आधी बाबांचं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. वही बघून म्हणाल्या, असा कागद आमच्याकडे रोज यायला हवा. मग शल्यविशारदाकडे पाठवलं आणि आज सकाळी जागा बधिर करून तुकडा काढला. मुंगी चावल्याएवढं दुखलं. मनात जे झालं ते मुंगीएवढं नव्हतं. निकाल बारा-पंधरा दिवसांनी.

तू येऊ नकोस, जिना तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. पण फोन जवळ ठेव.

तुझा भाऊ

२ एप्रिल

वन्सं,

यांनी तुम्हाला लिहिलं हे, माझ्याकडे टपालाचं तिकीट मागितलं तेव्हा कळलं.

मी दहा मिनिटांपेक्षा जास्त रडले, सांगून टाकते. वन्सं, ती वडी मी पुण्याचं काम समजून करत होते. वाया घालवू नये असं लहानपणापासून शिकले. अन्नाचा कण नाही, वातीचं तेल नाही, साबणाची चिपटीसुद्धा नाही. आणि ती चिपटी मी यांच्या जिवावर घासत होते. हे रात्रंदिवस तळमळत आणि मी दाराबाहेरून म्हणतेय, "नीट घासा हो, कंटाळा करू नका!" आणि हे बिचारे घासत होते. बायको सांगते म्हणून.

डॉक्टरीणबाईंना मी स्पष्ट विचारलं, माझ्या साबणानं ती कडा झाली का? त्या म्हणाल्या, नाही, ती त्याआधीची असणार, साबणानं वरची आग वाढवली आणि त्या आगीत ती झाकून गेली. मी म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून सांगताय. त्या म्हणाल्या, "आजी, मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही." मी छप्पन्नची, मला आजी म्हणाल्या. तरी बरं वाटलं.

पण भीती जात नाही. दिवस कसे जातात म्हणून सांगू? फोन वाजला की तिघंही दचकतो, लेकीलाही आता थोडं सांगितलंय. काल फोन वाजला तो विम्याचा होता. यांनी त्या पोरीला एवढ्या प्रेमानं "नको ताई, धन्यवाद" म्हटलं, की तिनंच गडबडून फोन ठेवला. हे दुकानात जातात पण परवा एका वाण्याचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असताना तसाच परत दिला. वाणीच घेऊन आला, म्हणाला, "तुमच्या हातून असं कसं?" यांच्या हातून आजवर असं झालेलं नाही.

जेवताना काल म्हणाले, "काही झालं तर थोरल्याला परगावाहून लगेच बोलवू नकोस, त्याची नोकरी नवीन आहे." मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "काही झालं हा शब्द या घरात चालणार नाही." असं म्हटलं खरं. देवाजवळ बसले की तोच शब्द तोंडात येतो.

मी देवाला काय मागू तेसुद्धा कळत नाही. निकाल तर त्या तुकड्यात आधीच लिहिलेला आहे. आता मागून तो बदलणार आहे का? तरी मागते.

तुमची,
भावजय

५ एप्रिल

वहिनी,

माग. मीही मागतेय, आणि मला तर सवयही नाही.

निकाल बदलणार नाही हे खरं. पण एक लक्षात घे. बाबांच्या वेळी तुकडा काढायला कुणी पोचलंच नाही. इथं तो पोचलाय. काहीही निघालं तरी आपण त्यांच्यापेक्षा फार आधी दारात उभे आहोत. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, नर्स म्हणून म्हणते.

फोन उशाशी घेऊन झोपते. शेजारीण विचारते, कुणाचं लग्न ठरतंय का?

ताई

११ एप्रिल

वन्सं,

काल फोनवर तुम्ही आणि मी दोघी नुसत्या रडलो, कोण काय बोललं ते कुणालाच कळलं नाही. म्हणून नीट लिहिते.

कर्करोग नाही.

कातडी पांढरी आणि कडक करत जाणारा एक त्वचेचा आजार आहे, हळूहळू चालणारा. साथीचा नाही, पापाचा नाही, कुणी कुणाला दिलेला नाही. त्यानंच कातडी आवळत गेली, आत ओल राहिली, ओलीवर बुरशी आली आणि वरून माझी वडी. शल्यविशारद म्हणाले, असाच वर्षानुवर्षं झाकून ठेवला असता तर काहींच्या बाबतीत पुढं वाईट वळण लागतं. "काहींच्या" म्हणताना त्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि हे म्हणाले, "आमच्या वडिलांच्या." डॉक्टर म्हणाले, त्यांचं नेमकं काय होतं ते आता सांगता येणार नाही. हे म्हणाले, मला पुरेसं आहे.

पुढच्या गुरुवारी वरची कातडी काढून टाकणार आहेत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. मग एक मलम काही आठवडे, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं. भीती गेली असं मी लिहिणार नाही. सहा महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहिण्याआधी तीनदा पेन खाली ठेवलं. पण तारीख लिहिली.

आणि एक. काल तुमचा फोन ठेवल्यावर यांनी थोरल्याला फोन लावला. मला वाटलं, आनंदाची बातमी देतील आणि ठेवतील. तर हे खुर्चीत बसून, लेक समोर भाजी निवडत असताना, काट्यावरचा आकडा वाचावा तसं स्वच्छ सगळं बोलले. लिंग म्हणाले, कातडी म्हणाले, आजोबा कशानं गेले ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझं काही दुखलं-खुपलं, कुठंही, तर मला सांगायचं. लाज वाटली तर आईला सांग, ती तुझ्या आत्याला पत्र लिहील, आणि मग सगळ्या जगाला कळेल." पलीकडून थोरला आधी हसला. मग म्हणाला, "बाबा, मला दोन महिने छातीत धडधडतं. सांगू की नको असं चाललं होतं." आज तो तिकडे डॉक्टरकडे जाऊन आला. धडधड जागरणाची आणि चहाची आहे, तपासून झालं, आताच कळवलं त्यानं. मी देवापुढं साखर ठेवली.

तुमचं ते पत्र अजून स्तोत्रांच्या पुस्तकातच आहे. मी जाळायला काढलं तर हे म्हणाले, "राहू दे. बाबांचं दुसरं काही आपल्याजवळ नाही."

पाकीट चिकटवण्याआधी एक विनंती. साबणाचे तुकडे डबीत तसेच आहेत. फरशी पुसायलाही वापरवत नाहीत आणि टाकवतही नाहीत, हात पुढं होत नाही. गुरुवारी तुम्ही येणारच आहात, गुडघे काही म्हणोत. आलात की ती डबी तुमच्या हातानं रिकामी करा. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन उभी राहीन.

तुमची,
भावजय